अण्णांच्या लॅम्बीची हकिकत

नौपाडा, ठाणे
१८ जानेवारी

प्रिय सुधीर,

फोनवर तुला "इंजिन चिकटलं होतं, आता ठीक आहे" एवढंच सांगितलं आणि तूही पुढे काही विचारलं नाहीस. पण माझ्या मनाला ते लागून राहिलंय. गाडी अण्णांची, त्यांची जुनी लॅम्बी स्कूटर. चावी हातात देताना तू एवढंच म्हणाला होतास, "चालती ठेव." म्हणून काय झालं, का झालं, सगळं लिहितो.

१८६ सीसीचा सिलेंडर बसवला तेव्हा तू इथेच होतास. मूळचा बोअर ५७ एमएमचा, १४८ सीसी; आता ६४ चा. जोडीला रीड (आत गेलेलं मिश्रण परत फिरू न देणारी पातळ पट्टीची झडप), २८ एमएमचा कार्ब्युरेटर, म्हणजे कार्ब, आणि एक्स्पान्शन सायलेन्सर. तीन-चार महिने गाडी अशी काही ओढत होती की ऑफिसातून येताना मी मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचो. मग घोडबंदर रोडला एक खोड लक्षात आली. दुसऱ्या-तिसऱ्या गियरला काही नाही. चौथ्यात मूठ पूर्ण पिळून धरली की वीस-पंचवीस सेकंदांनी इंजिन आचके द्यायचं. मूठ सोडून चार-पाच सेकंद थांबलं की पुन्हा तरतरीत. मला वाटलं, जेट, म्हणजे कार्बमधली पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची चकती, लहान पडतोय. ११८ चा काढून १२५ चा घातला, मग १३० चा. खोड गेली नाही, उलट लवकर यायला लागली. तिथे थांबून विचार करायला हवा होता. केला नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे गायमुखचा घाट उतरून परत येत होतो. टाकी अर्ध्याखाली. पुढचा सरळ रस्ता मोकळा मिळाला म्हणून मूठ धरून ठेवली. कासारवडवलीच्या अलीकडे आवाज एकदम पातळ झाला, त्यातला भरीव घोगरेपणा गेला, आणि मी मूठ सोडेपर्यंत मागचं चाक जाम. दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची सवय आपल्या दोघांना अण्णांनीच लावलेली. त्या सवयीने मला वाचवलं रे. कडेला गाडी उभी करून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

सिलेंडर उघडला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला बोटभर रुंद ओरखडा, पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलेंडरच्या भिंतीला फासलेलं, आणि प्लग खडूसारखा पांढरा. आपल्या या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच कालवलेलं असतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, म्हणजे इंजिन तापतं आणि नेमकं तेव्हाच कोरडं पडतं.

मग हिशेब मांडला. ९० चा वेग आणि लिटरला १५ चं ॲव्हरेज धरलं तर तासाला ६ लिटर, म्हणजे मिनिटाला १०० मिली. गॅलरीची दारं उघडी टाकून, कार्बचा पाइप काढून त्याच उंचीवर धरला आणि मोजपात्रात एक मिनिट पेट्रोल सोडलं. टाकी भरलेली असताना २६०, रिझर्व्हला येताना १५०. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही मोकळं होतं. म्हणजे कागदावर सगळं पुरेसं. दोन दिवस मी इथेच अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी सुचलं की पेट्रोल पाइपातून पडतंय किती हे मोजून उपयोग नाही, कार्बच्या तोंडाशी फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, जी पिन उघडतो-मिटतो तिच्यातून आत किती जातंय ते मोजायला हवं. पाइप परत लावला, बाउलच्या, म्हणजे कार्बखालच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या, तळाचं बूच काढलं आणि तिथून गळणारं पेट्रोल मोजलं. रिझर्व्हच्या जवळ मिनिटाला ८० मिली. गरज १०० ची!

मुंबईच्या एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कंपनीने ही गाडी बनवली तेव्हा मूळचा कार्ब लहान आणि खाली बसलेला, त्याला टाकीतून आपोआप उतरणारं पेट्रोल पुरायचं. माझा २८ चा कार्ब मोठा आणि वर चढलेला. टाकीचा तळ आणि त्याचा बाउल यांच्यात आता वीतभरसुद्धा अंतर नाही, मग पेट्रोलला जोर कुठून येणार? मोठा जेट घालून मी बाउल आणखी लवकर रिकामा करत होतो. भुकेल्या माणसाला मोठा चमचा दिला, ताटात काही वाढलंच नाही.

म्हणून पंप. जपानच्या मिकुनी कंपनीचा, व्हॅक्यूमवर चालणारा. वायर नाही, बॅटरी नाही. पिस्टन पुढेमागे होताना क्रँककेसमध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या बंद पेटीत, जो दाब आणि ओढ तयार होते, ती एका नळीने पंपापर्यंत न्यायची. आतला पातळ पडदा त्या ठेक्यावर हलतो आणि दोन झडपांमधून पेट्रोल पुढे ढकलतो.

पहिल्यांदा मी नळी चुकीच्या जागी जोडली, रीडच्या अलीकडे, कार्बच्या बाजूला. तिथे रीड दाब अडवतं, फक्त ओढ पोचते. पंप नुसता थरथरायचा. मग मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब आणि सिलेंडर जोडणारा तुकडा, काढून वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरकडे नेला. रीडच्या पलीकडे, सिलेंडरच्या बाजूला त्याने ४ एमएमचं भोक पाडलं, तोंडाला आटे पाडले आणि पितळी निपल बसवलं. मी शेजारी उभा होतो. त्याने आतला कीस आधी हवेने उडवला, मग करंगळी फिरवून पाहिली, मग उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली, आणि म्हणाला, "साहेब, यातला एक कण आत गेला तर बेअरिंग गेलं." असा माणूस भेटला की अर्धी काळजी मिटते.

पंप फ्रेमवर रबर घालून बसवलाय, निपलपेक्षा वर, म्हणजे नळीत साचलेलं ऑइल-पेट्रोल परत खाली उतरतं. नळी आखूड आणि जाड भिंतीची. मऊ नळी स्वतःच फुगते-आकसते आणि ठोका खाऊन टाकते. पण या गाडीचं इंजिन सस्पेन्शनबरोबर हलतं, त्यामुळे थोडी ढील ठेवावीच लागली.

चालू केल्यावर नवीनच त्रास. उभ्या गाडीत कार्ब ओसंडायला लागला, कारण पंपाच्या जोरापुढे मोठ्या भोकाची पिन टिकेना. लहान भोकाची पिन आणि सीट घातली, ते थांबलं. नव्या पिनवर जेट १३० वरून १२२ वर आणला. पिस्टन नवा, सिलेंडर होन करून, म्हणजे आतून घासून, तोच वाचला.

परवा त्याच रस्त्याने, टाकी मुद्दाम रिझर्व्हजवळ ठेवून गेलो. चौथा गियर, मूठ पूर्ण. मनात पंचवीसपर्यंत मोजलं, मग चाळीसपर्यंत. एक आचका नाही. घरी येऊन प्लग काढला तर चॉकलेटी. सुधीर, तो रंग बघून मला भरून आलं.

एक काळजी उरलीय. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप सगळे बदलले, पण पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल त्या नळीतून थेट क्रँककेसमध्ये जाईल. म्हणून एक पडदा डिकीत ठेवलाय आणि गाडी उभी केली की टाकीचा पेट्रोल-कॉक बंद करतो. तू चालवशील तेव्हा तूही विसरू नकोस.

होळीला येतोयस ना? येताना माळ्यावरच्या ट्रंकेत अण्णांनी जपून ठेवलेलं टाकीचं मूळ झाकण असेल, ते घेऊन ये. सध्याच्या झाकणाचं रबर सुटायला आलंय. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद