दुकान काढतोयस म्हणून

रामबाग, इंदूर
9 नोव्हेंबर 2025

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. नोकरी सुटल्याचं वाईट वाटलं, पण हाती आलेल्या पैशांतून देवासच्या त्या बाहेरच्या वस्तीत किराणा टाकायचं म्हणतोस, ते आवडलं. वहिनींना विचारलंस का? उधारीची वही त्यांनाच सांभाळावी लागणार आहे.

इथे बाणगंगेच्या वस्तीत दुकान टाकलं तेव्हा मी सियागंजच्या घाऊक बाजारातून ओट्स, क्रीमची बिस्किटं, लिटर-लिटरच्या तेलाच्या बाटल्या भरून आणल्या. दुकान काय दिसत होतं! पहिलं गिऱ्हाईक आलं सात-आठ वर्षांची पोर. मुठीत चुरगळलेली दहाची नोट. "भिया, पाँच का जीरा, पाँच की चायपत्ती." माझ्याकडचं जिऱ्याचं सगळ्यात लहान पाकीट शंभर ग्रॅमचं. पोर समोरच्या टपरीवर गेली. ओट्स आम्हीच तीन महिने खाल्ले; आई अजून ऐकवते.

त्या रात्रीपासून पुड्या बांधायला बसलो. साखरेत किलोमागे दोन रुपये सुटले तर नशीब. दुकान तरतं ते जिरं, हळद, चहाच्या पुड्यांवर. पण पुडीत हात आखडू नकोस. बायका पुडी तळहातावर तोलून बघतात, आणि त्यांचा अंदाज चुकत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी नापतौलवाल्यांचा, म्हणजे वजनमाप खात्याचा, शिक्का मारून घे आणि काटा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवून ठेव.

आता उधारी. "उधार बंद"ची पाटी लावायचा विचार असेल तर वस्तीत दुकानच काढू नकोस. तिथे उधार न देऊन चालतच नाही. कोणाला, किती आणि कधीपर्यंत, एवढंच आपल्या हातात. पहिल्या वर्षी माझे अठरा हजार बुडाले. लोक लबाड होते असं नाही, मलाच कळत नव्हतं. एकीला मी आठशेवरून अडीच हजारांपर्यंत जाऊ दिलं. मग तिने रस्ताच बदलला. माझ्या दुकानासमोरून जायला लाजायची, आणि रोखीचा माल पलीकडच्या गल्लीतून घ्यायची. पैसेही गेले, गिऱ्हाईकही गेलं. तेव्हापासून माणूस बघून नाही, पगाराचा दिवस बघून उधार देतो. बांधकामावरच्यांचा हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, शनिवारी होतो, सांवेर रोडच्या कारखान्यांतल्यांचा पगार महिन्याच्या सात ते दहा तारखेला. मागचा हिशोब मिटल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. एक वही आपली, एक गिऱ्हाइकाच्या घरी. नाही म्हणायचं झालं तर चार बायकांसमोर आकडा बोलायचा नाही. "भाभी, वही बघून सांगतो" एवढंच; ती समजते.

आणि सगळी वही एकाच पगारावर उभी करू नकोस. आपल्या इथे 1991च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली, कामगारांच्या थकीत पैशांचा निकाल लागायला 2023 उजाडलं. त्यांचे हाल सगळ्यांनी लिहिले. त्यांना महिन्याच्या बोलीवर धान्य देणाऱ्या किराणावाल्यांच्या वह्या कोणी मोजल्या?

माल थोडा आण, दोनदा आण. स्वस्त मिळतंय म्हणून पोतंभर उचललं की पैसा पोत्यातच अडकतो. यंदा 22 सप्टेंबरला साबण, टूथपेस्ट, केसांच्या तेलावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. लोकांनी टीव्हीवर ऐकलं, आणि माझ्या फळीवर जुन्या भावाने घेतलेला माल. उलाढाल 40 लाखांच्या आत म्हणून माझी नोंदणी नाही. खरेदीत भरलेला कर परत मिळायची सोयच नाही. मुकाट्याने भाव उतरवला. माल थोडाच होता, म्हणून चार-पाचशेंवर निभावलं.

क्यूआर कोड, बोलणारा डबा वगैरे लाव, त्यात शिकण्यासारखं काही नाही. सुट्टे पैसे मात्र सांभाळ. नाण्याऐवजी गोळी हातावर ठेवलेली पोरांना चालते, त्यांच्या आयांना नाही.

पत्रात किती सांगणार? येत्या शनिवारी तूच ये, वहिनींना घेऊन. सहाला मजुरांचा हप्ता होतो. सात ते नऊ माझ्या शेजारी गल्ल्यावर उभा राहा. पुड्या बांधायला एक माणूस कमीच आहे.

तुझा,
दिन्या