खिडकी बुजवून खिडकीचा फोटो लावला

माननीय संपादक,

परवाच्या अंकात आमच्या तालुक्यातल्या जुन्या कचेरीत उघडलेल्या संग्रहालयावर तुम्ही अर्धं पान दिलंत, फीत कापतानाचा फोटो, टचस्क्रीनचा फोटो, आणि "जागतिक दर्जाचं" हा शब्द तीनदा. तुमचा पेपर मी तीस वर्षं घेतोय म्हणून हक्काने विचारतो, तुमचा बातमीदार आतल्या दुसऱ्या खोलीपर्यंत गेला होता का? मी काल नातवाला घेऊन मुद्दाम गेलो, घरी आल्यापासून डोकं शांत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

त्या दुसऱ्या खोलीत, बाहेरच्या ओसरीकडे उघडणारी एक खिडकी आहे. आहे म्हणजे होती. दीड हात रुंद, जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतीत, लोखंडी गज आणि खाली सागवानी फळी. पोर्तुगीज काळात तिथे पट्टी भरायची, त्या महसूल कचेरीला लोक नुसतं फाझेंद म्हणायचे. आमच्या वयाच्या माणसांना कचेरी म्हटलं की तीच खिडकी आठवते. ती इतकी खाली काढलेली की बाहेरच्या माणसाला वाकल्याशिवाय आतल्या इश्क्रिव्हांवचं, म्हणजे कारकुनाचं, तोंडच दिसायचं नाही. आतला खुर्चीवर, बाहेरचा वाकलेला. त्या फळीला मधोमध खळगा पडलेला होता, किती वर्षांच्या हातांनी आणि नाण्यांनी पडला देव जाणे.

1959 साली मी नऊ वर्षांचा होतो आणि आजोबांबरोबर त्या खिडकीशी गेलो होतो. त्याच वर्षी गोव्यातली रुपी जाऊन इश्कुद आले, एका रुपीला सहा इश्कुद. आजोबांनी आदल्या रात्री कंदिलाजवळ बसून हिशेब मांडला होता, सात रुपये आठ तांगे म्हणजे साडेसात रुपये, त्याचे पंचेचाळीस इश्कुद, मोडीत लिहिलेला तो कागद त्यांच्या कनवटीला होता. आतला माणूस पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलला. आजोबा वाकून उभे, त्यांना एक शब्द कळला नाही. अर्जाचा पापेल सेलाद, म्हणजे सरकारी मुद्रांकाचा कागद, चुकीचा होता एवढंच शेवटी शेजारच्या कोणीतरी सांगितलं आणि आम्ही परत फिरलो, दुसऱ्या दिवशी पैसे देऊन दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि पुन्हा तिथेच वाकले. देवळातल्या शाळेत मराठी शिकलेला, गावातल्या निम्म्या लोकांची पत्रं वाचून दाखवणारा माणूस, त्या खिडकीसमोर निरक्षर ठरला. परत येताना ते वाटभर बोलले नाहीत. गोवा मुक्त झाल्यावर तिथेच मामलेदार कचेरी आली, मी स्वतः त्याच खिडकीवरून जमिनीचे एक-चौदाचे उतारे घेतलेत, आणि दर वेळी फळीवर हात ठेवला की आजोबा आठवायचे.

हे सगळं मी संग्रहालय करणाऱ्या मंडळींना सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी गावातल्या जाणत्या लोकांची बैठक घेतली त्यांनी, तेव्हा एका मुलीने माझं सगळं बोलणं वहीत लिहून घेतलं, मला वाटलं आता खिडकी नीट राखतील, बाजूला चार ओळी लावतील, शाळेची मुलं वाकून बघतील. काल बघतो तर त्या अख्ख्या भिंतीवर जिप्सम बोर्ड ठोकलाय, बोर्डावर दिवे लावलेला मोठा फलक, विषय "पोर्तुगीज काळातली करवसुली", आणि फलकावर खिडकीचा फोटो. दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीच्या खिडकीचा! खरी खिडकी बोर्डाच्या मागे चार बोटांवर आहे. तिथल्या पोराला विचारलं तर त्याला आत खिडकी आहे हेच माहीत नव्हतं. फळी ठेवली की काढून टाकली हेही कोणी सांगू शकलं नाही. मला तिथे रडू आलं, नातू घाबरला.

मला डिझाइनमधलं काही कळत नाही असं कोणी म्हणेल, पण बघितलेलं कळतं. रेईस मागुशचा किल्ला 1993 पर्यंत तुरुंग होता, तो नीट दुरुस्त करून 2012 साली लोकांना उघडला, आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं लावलीत तरी आत शिरलं की आपण किल्ल्यात आहोत हे कळतं. आग्वादच्या तुरुंगात गोवा मुक्तीसाठी लढलेल्या टी. बी. कुन्हा आणि राममनोहर लोहियांच्या कोठड्या दाखवतात. कोठडी किती लहान होती ते तिथे उभं राहिलं की अंगाला कळतं, त्याला स्क्रीन लागत नाही. पणजीच्या आदिलशहाच्या वाड्याचंही तेच. अगदी 2000 पर्यंत, पर्वरीला जाईपर्यंत, आपली विधानसभा तिथे भरायची. आपले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर जिथे बोलले ती जागा प्लायवूडने झाकून वर भाऊसाहेबांचा फोटो लावला तर कोणाला पटेल का? मग आमच्या कचेरीलाच हा न्याय का? जुन्या इमारतीत संग्रहालय करायचं तर पहिली वस्तू ती इमारतच, बाकीचं सामान मागाहून.

आणि बोर्डाच्या मागे काय होणार तेही सांगतो, कारण माझं घरही चिऱ्याचंच आहे. चिरा पाणी ओढतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. चुन्याचा गिलावा असला की भिंत भिजते आणि वाऱ्याने सुकतेही, म्हणून जुनी घरं टिकली. तिच्यावर सिमेंट थापलं, प्लास्टिकचा रंग दिला किंवा बोर्ड ठोकला की ओल आतच राहते, मग बुरशी, मग वाळवी, आणि बोर्ड अंगावर असल्यामुळे कोणाला काही दिसत नाही. आमच्या माजघरात मी स्वतः ही चूक केलीय, पाच वर्षांनी पॅनेल काढलं तेव्हा आतली चौकट हाताने कुस्करली जात होती. त्यात यांनी एसी बसवलाय आणि तो संध्याकाळी पाचला बंद होतो, म्हणजे रात्रभर पुन्हा दमट हवा.

शेजारच्या घराने विश्वासाने दिलेला एक मोडी कागद तिथे काचेत ठेवलाय, त्याच्यावर सरळ स्पॉटलाइट. जुन्या कागदावर 50 लक्सच्या वर उजेड नको हे संग्रहालयवाल्यांचं साधं गणित आहे. नातवाने मोबाईलवर मोजलं तर 300 च्या वर दाखवत होतं, मोबाईलचं माप कच्चं असतं हे धरलं तरी एवढा फरक? त्याच खोलीला शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेत, त्यांतून इतका सौम्य उजेड येतो की दिव्याची गरजच कमी, पण त्यांच्यावर काळं कापड ओढलंय.

अजून एक, आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. फलक सगळे इंग्रजीत, कोकणीत फक्त मथळे, मराठी कुठेच नाही. कोकणी पहिली असू दे, पूर्ण असू दे, माझं काही म्हणणं नाही, ती आमच्या घरातलीच भाषा आहे. पण 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे ना? काल माझ्या बाजूला एक म्हातारी बाई फलकासमोर उभी होती, सुनेला विचारत होती, काय लिहिलंय गो? सून मोबाईलमध्ये. मी वाचून सांगितलं तिला. ती उभी होती तिथून आजोबांची खिडकी हातभर अंतरावर असेल.

संग्रहालय नको असं मी म्हणत नाही. इमारत पाडली नाही, कौलं बदलली, छप्पर गळायचं थांबलं, त्याबद्दल ज्यांनी कष्ट केले त्यांचे मनापासून आभार. माझं मागणं एवढंच की तो एक बोर्ड पावसाआधी काढा. फळी काढली असेल तर कुठे ठेवलीय ते शोधा, अडगळीत असेल तर परत बसवा, खळगा पॉलिश करून भरू नका. मजकूर मी मराठीत आणि कोकणीत लिहून देतो, पैसे नकोत. खिडकी नेमकी कुठे होती ते दाखवायलाही येतो, माझ्याहून मोठे अजून दोघं गावात आहेत, त्यांनाही घेऊन येतो, पण एकाला आता जिना चढवत नाही आणि मागचं सरळ दार तुम्ही कुलूप लावून बंद ठेवलंय, तेवढं त्या दिवशी उघडा.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये)