चंदुलाल शहांचा हिशेब अजून मांडलेला नाही

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

दादर पूर्वेला दादासाहेब फाळके मार्गावर रणजित स्टुडिओ आहे. त्याच्या फाटकावरून हजारो माणसं रोज स्टेशनकडे जातात. तो स्टुडिओ उभा करणाऱ्या सरदार चंदुलाल शहांबद्दल आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांबद्दल आपल्याला लिहितो आहे.

१८९८ साली जामनगरला जन्मलेला हा माणूस शेअरबाजारातून सिनेमात आला. १९२७ साली त्यांनी ‘गुणसुंदरी’ काढला. घरकामात बुडालेली बायको आणि बाहेर रमणारा नवरा, असा आजच्या घरातलाच विषय होता तो. नायिका होत्या मिस गोहर. पुढे १९२९ मध्ये गोहरबाईंच्या साथीने आणि विठ्ठलदास ठाकोरदास यांच्या भांडवलावर रणजित कंपनी उभी राहिली. तिथे नट, लेखक, संगीतकार, सुतार, रंगारी असे शेकडो लोक महिन्याच्या पगारावर होते. सैगल आणि खुर्शीद यांचा ‘तानसेन’ (१९४३) इथलाच. मधुबालानेही लहानपणी, बेबी मुमताज असताना, इथल्या चित्रपटांत काम केलं.

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत एक आजोबा होते. सेटवर सुतारकाम करायचे. ‘मी सिनेमात होतो’ असं ते कधी म्हणाले नाहीत. ‘रणजितला नोकरीला होतो,’ असं म्हणायचे, शेजारचे गिरणीतले लोक म्हणायचे ना, तसंच. सिनेमा ही पगाराची नोकरी असू शकते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. चंदुलालचं खरं काम मी तेच मानतो.

मग घसरण सुरू झाली. घोड्यांच्या शर्यती आणि कापसाचा सट्टा, ही दोन नावं त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतात. १९४४ साली एकट्या कापसात सव्वा कोटी रुपये बुडाल्याचं नमूद आहे. १९५३ साली राज कपूरची दुहेरी भूमिका असलेला ‘पापी’ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, तोही पडला. एकेकाळी दाराशी मोटारींचा ताफा असणारा माणूस अखेरीस बसने फिरत होता, असं सांगतात. १९७५च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले.

साहेब, ही गोष्ट आपण जुगाऱ्याची गोष्ट म्हणून सांगतो आणि मोकळे होतो. मला ते पटत नाही. जुगार होता, तो नाकारायचं कारण नाही. पण त्या काळात कोणती बँक सिनेमाला कर्ज देत होती? पैसा येई तो बाजारातूनच, वाटेल त्या व्याजाने. युद्धात कच्च्या फिल्मवर नियंत्रण आलं आणि काळा पैसा शिरला. नव्या निर्मात्यांनी एकेका चित्रपटासाठी नटांपुढे रोख रकमा ठेवल्या, मग महिन्याच्या पगारावर कोण थांबणार? पगारावर चालणारा रणजितसारखा स्टुडिओ तिथेच खिळखिळा झाला. सिनेमाधंद्याच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या स. का. पाटील समितीने १९५१ साली अहवाल देऊन चित्रपटांना कर्ज देणारं वित्त महामंडळ सुचवलं. ते उभं राहायला १९६० उजाडलं. सिनेमाला उद्योगाचा दर्जा द्यायची घोषणा तर १९९८ची. पाटील समितीचा अहवाल आला त्याच वर्षी फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले ते चंदुलालच.

प्रभातचं नशीब वेगळं निघालं. कंपनी बंद पडली, पण पुण्यातली ती जागा सरकारकडे आली आणि १९६० साली तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. म्हणून प्रभातची आठवण जिवंत आहे. १९३९ साली मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. त्यात चंदुलाल पुढे होते आणि वृद्ध फाळकेही आले होते. पाच वर्षांनी फाळके नाशकात गेले. आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्याच रस्त्यावरच्या स्टुडिओच्या मालकाची ओळख सांगणारी साधी पाटीसुद्धा नाही. हे मला रोज टोचतं.

मूकपटांच्या काळातल्या बहुतेक फिल्म गेल्या. त्या चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेटच्या होत्या. काही जळल्या, काही कुजल्या, काही चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. ‘गुणसुंदरी’चा मूकपट आज कुणालाच पाहता येत नाही. कागद मात्र अजून कुठेकुठे असतील: पगाराची पुस्तकं, नटांचे करार, सावकारांचे रोखे, कोर्टातली प्रकरणं. दादरमध्ये जुन्या इमारती रोज पाडल्या जात आहेत. माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याकडे जायला एक दुपार पुरते.

पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्यात आहे. दादर-परळ भागातल्या जुन्या स्टुडिओंचे कागद गोळा करण्यासाठी त्यांना एक छोटी तुकडी द्या. तिथे काम केलेल्या माणसांच्या घरच्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घ्या. त्या घरांतली जुनी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोलून रणजितचं जे काही तिथे आहे त्याची यादी मराठीत प्रसिद्ध करा. आणि फाळके मार्गावर एक पाटी लावा, मराठीतून, चंदुलाल आणि गोहरबाई दोघांची नावं असलेली.

पाटीचा मजकूर लिहून द्यायला, ट्रंका उघडायला, घरोघर जायला मी तयार आहे. कधी आणि कुठे भेटायचं, तेवढं कळवा.

आपला,
दादरचा एक रहिवासी