आरशातला दिवा आणि डावीकडून आलेली मोटारसायकल : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : लेन बदलताना होणारे अपघात आणि ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे चालकाला आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या जागेचा, इशारा देणाऱ्या यंत्रणांच्या चाचण्यांबाबत.

महोदय,

मी गेली एकवीस वर्षे सातारा शहरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. माझ्याकडे शिकलेल्यांना पुण्याला जायचे असो वा कराडला, पुणे–बेंगळुरू महामार्ग काही चुकत नाही. त्याच महामार्गावर गेल्या फेब्रुवारीत घडलेल्या एका अपघातामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझा एक जुना विद्यार्थी दिवेलागणीच्या वेळी साताऱ्याहून कराडकडे निघाला होता. गाडी नवी होती, चालक-साहाय्य प्रणालीची होती, आणि शेजारच्या लेनमध्ये वाहन असले की तिच्या बाहेरच्या आरशांत पिवळा दिवा लागत असे. अतीतच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उजव्या लेनमधून चालला होता आणि बाजू देत नव्हता. मुलाने इंडिकेटर दिला, डाव्या आरशाकडे पाहिले, दिवा बंद दिसला म्हणून स्टिअरिंग डावीकडे घेतले, आणि त्याच क्षणी मागच्या दारावर मोटारसायकल आदळली. मोटारसायकलस्वार दूध घालून घरी परतत होता. त्याच्या मांडीचे हाड मोडले आणि तो अजूनही काठी घेऊन चालतो. विद्यार्थी मला भेटायला आला तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, दिवा लागलाच नाही." मान फिरवून पाहिले होतेस का, असे मी विचारले, तेव्हा तो खाली पाहत राहिला.

गाडीची तपासणी झाली आणि यंत्रणेत कोणताही बिघाड निघाला नाही. मला अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत बसवलेले रडार फार लांबचे पाहील अशी अपेक्षाच मुळात केलेली नसते. लेन बदलताना मदत करणाऱ्या यंत्रणांसाठी 17387 या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यात अगदी साध्या प्रकारच्या यंत्रणेने गाडीची बाजू व गाडीच्या मागे सुमारे 3 मीटरपर्यंतचा शेजारचा पट्टा पाहावा एवढीच किमान अपेक्षा आहे. दुरून वेगाने येणारे वाहन ओळखणारी यंत्रणा हा त्याच मानकातला निराळा, वरचा प्रकार आहे. आता मोटार ताशी 50 किलोमीटरने आणि मोटारसायकल 70 ने चालली आहे असे धरा. दोन्हींच्या वेगातील फरक सेकंदाला साडेपाच मीटर होतो, म्हणजे 3 मीटरचा तो पट्टा मोटारसायकल अर्ध्या सेकंदात पार करते. चालकाने आरशात पाहून नजर पुढे वळवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच दिवा लागायचा आणि धडकही व्हायची. शोरूममध्ये मात्र दोन्ही प्रकार "ब्लाइंड स्पॉट" या एकाच नावाने सांगितले जातात, आणि इंडिकेटर दिल्यावर बाजूचे दृश्य केवळ पडद्यावर दाखवणारा कॅमेरासुद्धा ग्राहकाला त्याच नावाखाली मिळतो.

माझ्या मैदानावर मी प्रत्येक तुकडीला एक प्रयोग दाखवते. शिकाऊ चालकाला सीटवर बसवून तिन्ही आरसे त्याच्याच हाताने लावून घ्यायचे, आणि मग एका मुलाने मागून डाव्या बाजूने मोटारसायकल हळूहळू ढकलत पुढे आणायची. आरशातून ती नाहीशी झाली की चालकाने "गेली" म्हणायचे, तिथे मी खडूने रेघ मारते. बाजूच्या काचेतून समोर दिसू लागली की "आली" म्हणायचे, तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमध्ये अख्खी मोटारसायकल मावते. नंतर शेजारच्या ट्रकमध्ये बसवून हेच केले की डाव्या दारापाशी आणि केबिनच्या पुढे एवढी मोठी जागा खडूने रंगवावी लागते, की चार मोटारसायकली उभ्या केल्या तरी चालकाला एकही दिसत नाही. ट्रक चालवायला आलेली दणकट माणसे त्या खडूकडे पाहून गप्प होतात.

पूर्वी ट्रकची डावी बाजू क्लीनर सांभाळायचा. खिडकीतून हात काढून तो दारावर थापा मारायचा आणि उस्तादाला "येऊ द्या" किंवा "थांबा" सांगायचा. आता खर्च परवडत नाही म्हणून कित्येक ट्रक क्लीनरविना चालतात, आणि चालक उजव्या बाजूला बसत असल्यामुळे डावीकडची सगळी जागा एका आरशाच्या भरवशावर राहते. म्हणूनच ट्रकसाठी आणि आठहून अधिक प्रवासी नेणाऱ्या वाहनांसाठी आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक, डुलकीचा इशारा, लेन सुटल्याचा इशारा आणि ब्लाइंड स्पॉटची माहिती देणारी यंत्रणा प्रस्तावित करणारी मसुदा अधिसूचना आपल्या मंत्रालयाने मार्च 2025 मध्ये काढली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ही यंत्रणा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासात असा इशारा देणाऱ्या गाड्यांचे लेन बदलतानाचे अपघात 14 टक्क्यांनी आणि अशा अपघातांपैकी इजा झालेले अपघात 23 टक्क्यांनी कमी आढळले, आणि ही घट लहान नाही.

परंतु चाचणी कोणत्या रस्त्यासाठी घेतली जाते यावर सारे अवलंबून आहे. ट्रकच्या ब्लाइंड स्पॉटसाठी जगात ज्याचा आधार घेतला जातो, तो संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक 151, चौकात वळणाऱ्या ट्रकखाली येणाऱ्या सायकलस्वाराला वाचवण्यासाठी लिहिलेला आहे. त्यात यंत्रणा ट्रक उभा असल्यापासून ताशी 30 किलोमीटर वेगापर्यंत चालावी, ताशी 5 ते 20 किलोमीटरने जाणारी सायकल तिने ओळखावी आणि 15 लक्सहून (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेडात काम करावे, एवढीच किमान अट आहे. युरोपातल्या शहरांसाठी ती योग्यच असेल. आमच्याकडे मात्र साताऱ्याजवळच्या शेंद्र्यापासून कराडपर्यंत ट्रक 60 च्या वेगाने लेन बदलतो, शेजारी सायकलऐवजी तिघे बसलेली मोटारसायकल असते, आणि गळीत हंगामात ऊसवाहतूक तर रात्रभर चालते. आपल्या मंत्रालयाच्याच 2022 च्या अहवालानुसार देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे 44.5 टक्के दुचाकीवर होती. ज्या यंत्रणेची परीक्षा महामार्गाच्या वेगाने, अंधारात आणि दुचाकीवर झालेली नाही, ती आमच्या रस्त्यावर उत्तीर्ण झाली असे मानता येणार नाही.

आमच्या महामार्गाची रीतही या यंत्रणांना नवी आहे. ओलांडायचे ते उजवीकडून, हा सर्वसाधारण नियम पुस्तकात आहे. प्रत्यक्षात डाव्या लेनमध्ये उभी वाहने, फाट्यावरून घुसणारे ट्रॅक्टर आणि उलट दिशेने येणारी दुचाकी असते, म्हणून अवजड वाहने उजवी लेन धरतात आणि बाकी सगळे डावीकडून निघून जातात. त्यातच शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला रस्ता आहे. जुने पांढरे पट्टे पुरते पुसलेले नाहीत, नवे काही ठिकाणी मारलेलेच नाहीत. पट्टा पाहून गाडीला लेनमध्ये ठेवणारा कॅमेरा अशा ठिकाणी चालकाच्या हातातले स्टिअरिंग जुन्या पट्ट्याकडे ओढतो, हे मी स्वतः उंब्रजजवळ अनुभवले आहे. बांधकाम चालू असलेल्या टप्प्यावर जुने पट्टे खरवडून काढणे हे ठेकेदाराच्या बिलाशी जोडलेले काम करावे, ही मागणी खर्चाची नाही आणि तिला नवे तंत्रज्ञानही लागत नाही.

माझी मुख्य विनंती अशी आहे. ट्रक, बस आणि मोटारी या सर्वांच्या ब्लाइंड स्पॉट यंत्रणेसाठी भारतीय मानकात दुचाकीची चाचणी सक्तीची करावी, ती दोन्ही बाजूंनी, महामार्गाच्या वेगाने आणि रात्री घ्यावी, आणि तिचा निकाल गाडी विकत घेणाऱ्याला आधी दिसेल असा छापावा. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-मूल्यांकनाचे तारे मुख्यतः गाडीत बसलेल्यांच्या सुरक्षिततेसाठी आहेत; गाडीबाहेरच्या दुचाकीस्वारासाठी ही यंत्रणा किती मीटर मागे आणि किती वेगाच्या फरकापर्यंत पाहते, हे ताऱ्यांच्या स्टिकरवरच मराठीत लिहिले गेले पाहिजे. "मागे 3 मीटरपर्यंतच इशारा मिळतो" एवढे एक वाक्य आरशाखाली असते, तर माझ्या विद्यार्थ्याने कदाचित मान फिरवली असती.

दुसरी गोष्ट गॅरेजची आहे. रडार बंपरच्या आत असते. बंपरला चीर गेली की आमच्याकडे ती पुट्टी भरून, वर रंग मारून दोन दिवसांत गाडी परत मिळते. पुट्टीच्या जाड थरामागून किंवा ज्यावर ते बसवलेले असते ती पट्टी किंचित वाकलेली असताना ते रडार नीट पाहील याची खात्री कोणीच देत नाही आणि दिवा तर पूर्वीसारखाच दिसतो. अशा दुरुस्तीनंतर रडारची जुळणी केल्याचा दाखला विमा कंपनीने मागावा, आणि ट्रकच्या फिटनेस तपासणीत ही यंत्रणा चालू करून पाहावी.

राहिला परवाना. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 15 मध्ये चालकाच्या कसोट्यांची यादी आहे आणि तिच्या सुरुवातीलाच आरसा लावण्याचा उल्लेख आहे. त्यात लेन बदलण्यापूर्वी मान फिरवून बाजूची जागा पाहणे ही स्वतंत्र कसोटी घालावी, आणि ती न करणाऱ्याला नापास करावे. मी शिकवते ते विद्यार्थी परीक्षेपुरते आठवडाभर लक्षात ठेवतात. परीक्षेत विचारले जाते ते मात्र हाताला वळण लागल्यासारखे राहते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. ज्या गाडीत इशारा देणारी यंत्रणा आहे तिच्यावर परीक्षा देणाऱ्यालाही या कसोटीतून सूट मिळू नये.

मानक ठरवणाऱ्या समितीतील अभियंत्यांना आपण येत्या गळीत हंगामात, शक्य तर डिसेंबरमध्ये, एक रात्र साताऱ्याला पाठवावे. मैदान, ट्रक आणि खडू मी देईन. तेथून रात्री दहानंतर शेंद्रे ते उंब्रज असा एक फेरा त्यांनी त्यांच्या चाचणीच्या गाडीने करावा आणि डावीकडून गेलेल्या प्रत्येक दुचाकीला दिवा कधी लागला, याची नोंद घ्यावी.

आपली विश्वासू,
एक वाहनचालन प्रशिक्षिका, सातारा