जिंजरब्रेड जुने, त्याचे घर नवे

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या नाताळ पुरवणीतील जिंजरब्रेडच्या, म्हणजे मसालेदार बिस्किटाच्या, घरांवरचा लेख आवडीने वाचला. छायाचित्रे देखणी होती आणि विषयही मराठी वाचकांना फारसा परिचित नसलेला होता. मात्र 'आल्याच्या पावाची ही घरे युरोपात मध्ययुगापासून नाताळसाठी बांधली जातात' या त्यातील एकाच विधानात निरनिराळ्या काळांतील गोष्टींची सरमिसळ झाली आहे. बरीच वर्षे जर्मन भाषा शिकवत असल्यामुळे दर डिसेंबरात माझ्या वर्गात हा विषय निघतोच, म्हणून थोडा खुलासा करावासा वाटला.

मध्ययुगापासून चालत आले आहे ते जिंजरब्रेड, त्याचे घर नव्हे. जर्मनीत ज्याला 'लेबकुखन' म्हणतात त्या मसालेदार, मधाच्या बिस्किटाचे न्युरेंबर्ग हे सर्वांत नामांकित शहर असून तेथील लेबकुखन भाजणाऱ्या कारागिरांचा उल्लेख १३९५ इतका जुना सापडतो. शहराभोवतीच्या राखीव जंगलात मधमाश्या पाळणाऱ्यांना खास हक्क होते, त्यामुळे मधाला तोटा नव्हता. आणि येथील व्यापाऱ्यांचे व्हेनिसशी घनिष्ठ संबंध असल्याने मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ हा पूर्वेकडचा, बराचसा आपल्या मलबार किनाऱ्यावरून निघालेला माल शहरात येत असे. १४८७ मध्ये सम्राट तिसरा फ्रेडरिक याने शहरातील सुमारे चार हजार मुलांना स्वतःची छबी उठवलेले लेबकुखन वाटले होते, तर १६४३ मध्ये या कारागिरांना स्वतंत्र संघ स्थापन करता आला. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियात हाच कारागीर पुष्कळदा मेणबत्त्याही करीत असे, कारण पोळ्यातला मध आणि मेण दोन्ही त्याच्याच दारात येत. या साऱ्या काळात लेबकुखनला आकार मिळत होता तो कोरीव लाकडी साच्यांचा: संत, घोडेस्वार, बदाम, दुपट्यात गुंडाळलेले बाळ. ही सगळी सपाट चित्रे होती. घर उभे करण्याची प्रथा त्यांत नव्हती.

'आल्याचा पाव' हा अनुवादही फसवा आहे. जिंजरब्रेड हा पाव नव्हे, आणि जर्मन लेबकुखनमध्ये आल्याचे स्थान दुय्यमच असते. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला मूळ शब्द साखरेत मुरवलेल्या आल्यासाठी होता. त्याच्या शेवटच्या 'ब्रास' या अक्षरांच्या जागी इंग्रजांच्या कानाला 'ब्रेड' ऐकू आले आणि तेच रूढ झाले. गंमत अशी की 'जिंजर' ज्यापासून निघाला त्या आपल्या 'शृंगवेर' शब्दाचीही हीच कथा आहे. दक्षिणेतील भाषांत 'इंची' म्हणजे आले आणि 'वेर' म्हणजे मूळ. संस्कृतात येताना त्यात शिंग शिरले आणि आल्याच्या वेड्यावाकड्या कांड्यांकडे पाहून ते सर्वांना पटलेही.

आता घराकडे वळू. ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला आणि त्यात हॅन्सेल व ग्रेटेल या भावाबहिणीची, त्यांना रानात चेटकिणीचे खाद्यपदार्थांचे घर सापडते ती कथा होती. पण त्या पुस्तकातील चेटकिणीचे घर जिंजरब्रेडचे नाही. ते साध्या पावाचे आहे, छप्पर केकचे आणि खिडक्या पारदर्शक साखरेच्या. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण ती मुळात दुष्काळाची कथा आहे. खायला काही उरले नाही म्हणून ज्या मुलांना आईबाप रानात सोडून येतात, त्यांच्या स्वप्नात आधी पावच येणार. चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे शेणाचे असण्यामागे जसे पावसाचे कारण आहे, तसे या घरामागे भुकेचे आहे. शिवाय कथेत नाताळचे नावही नाही.

कथा घरोघरी पोहोचल्यावर एकोणिसाव्या शतकात जर्मन बेकऱ्यांनी ते घर लेबकुखनचे करून दाखवले, आणि ते साहजिकच होते. पावाच्या भिंतीपेक्षा लेबकुखनचा पातळ, कडक तुकडा उभा करणे सोपे आणि तो टिकतोही जास्त. याच काळात बिटापासूनची साखर हाती आली. बिटाच्या साखरेचा पहिला कारखाना तेव्हाच्या प्रशियातील सिलेशिया प्रांतात १८०१ मध्ये निघाला आणि पुढे साखर सामान्य घरांच्या आवाक्यात आली. साखर महागच राहिली असती तर छपरावर एवढे पांढरेशुभ्र बर्फ पडले नसते, असे माझे मत आहे.

नाताळशी गाठ घट्ट होण्यात संगीतिकेचा वाटा मोठा आहे. जर्मन संगीतकार एंगेलबर्ट हम्परडिंक यांची 'हॅन्सेल उंड ग्रेटेल' ही संगीतिका २३ डिसेंबर १८९३ रोजी जर्मनीतील वायमार शहरात प्रथम सादर झाली. संहिता त्यांच्या बहिणीची होती, तर वाद्यवृंदाचे संचालन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांनी केले होते. येथे मात्र चेटकिणीने लेबकुखन करून टाकलेल्या मुलांचे कुंपणच रंगमंचावर दिसते. तेव्हापासून जर्मन नाट्यगृहांत ही संगीतिका नाताळच्या दिवसांत होत आली आहे. जर्मन लोक या घराला आजही सर्रास 'चेटकिणीचे घर' म्हणतात, त्यावरून त्याचे मूळ येशूजन्माच्या गोठ्यात नसून गोष्टीत आहे हे कळावे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. जर्मन स्थलांतरितांबरोबर ही प्रथा अमेरिकेत गेली. व्हाइट हाउसमध्ये १९६९ पासून, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात, असे घर होऊ लागले आणि ते करणारे आचारी हान्स राफर्ट जर्मनच होते. नॉर्वेतील बर्गेनमध्ये १९९१ पासून दरवर्षी नागरिक मिळून जिंजरब्रेडचे अख्खे शहर उभारतात. आपल्या गोव्यातील नाताळची परंपरा मात्र नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका यांची आहे. त्यांच्या पंक्तीत लेखाने या घराला बसवायला नको होते.

शेवटी पुरवणीतील कृतीविषयी. ती मऊ केकची होती. आमच्या घरी नातवंडांनी तिच्याबरहुकूम घर बांधले आणि संध्याकाळपर्यंत छप्पर अंगणात उतरले. घरासाठी मधाचे पीठ घट्ट मळून, पातळ लाटून, कागदी नमुन्यावर कापावे लागते. भाजल्याबरोबर, गरम असतानाच कडा सरळ कराव्या लागतात. मध हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे मुंबईसारख्या दमट हवेत हे घर दोन-चार दिवसांत मऊ पडते, हेही वाचकांना सांगायला हवे. पुढील वर्षी कृती छापताना एवढे अवश्य लिहावे, की अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर यांच्या गाऱ्याने जोडलेल्या भिंती रात्रभर वाळू द्याव्यात आणि छप्पर दुसऱ्या दिवशी चढवावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे