गोबरगॅसचा आकार शेणावरून ठरवा

महोदय,

सिलिंडरचा खर्च झेपेनासा झाला तशी गावोगावी गोबरगॅसची चौकशी पुन्हा सुरू झाली आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून बांधलेली कितीतरी संयंत्रे आज गवतात हरवली आहेत. त्याचा दोष तंत्राला देता येत नाही. त्यातली बरीचशी पहिल्या दिवसापासून उपाशी होती.

एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे रोज एक घनमीटर गॅस हवा असेल तर रोज २५ किलो शेण हवे. गोठ्यात बांधलेली म्हैस दिवसाला १५ किलोच्या आसपास शेण देते, गाय १० आणि वासरू ५. जनावरे चरायला जात असतील तर त्यातले निम्मे रानातच पडते. माणशी दोन वेळच्या स्वयंपाकाला पाव घनमीटर गॅस लागतो, म्हणून चौघांच्या घराला एक घनमीटर पुरतो. एवढा गॅस महिन्याला जवळपास १३ किलो एलपीजीचे काम करतो, म्हणजे एका सिलिंडरला थोडासा कमी. तरीही दोन जनावरांच्या दारात दोन घनमीटरचे, म्हणजे रोज तेवढा गॅस देऊ शकणारे, संयंत्र बांधले जाते, कारण त्याला अनुदान जास्त. त्याची भूक ५० किलोंची आणि पोटात पडते २०-२५. गॅस साठतो त्या घुमटात दाब चढत नाही, शेगडी मिणमिणते, घरातली बाई कंटाळून चुलीकडे वळते. मग शेण टाकणेही थांबते.

दुसरी चूक पहिल्या भरणीत होते. शेण आणि पाणी समप्रमाणात धरले तर दोन घनमीटरच्या संयंत्रात रोज १०० लिटर शेणकाला जातो. आपल्याकडच्या हवामानात तो साधारण ४० दिवस आत राहिला पाहिजे. म्हणजे सुरुवातीलाच सुमारे ४,००० लिटर शेणकाला, अर्थात दोन टन शेण लागते. ते आधी साठवून ठेवावे किंवा शेजाऱ्यांकडून आणावे, आणि चालू संयंत्रातली रबडी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर बाहेर पडणारा शेणकाला, विरजण म्हणून दहावा हिस्सा मिसळावी. पहिल्या काही दिवसांतला गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो मोकळ्यावर सोडून द्यावा. त्या वेळी जवळ विडी-काडी नको.

बांधकामात सगळ्यात हळवी जागा म्हणजे घुमटाचा आतला गिलावा. १९८४ मधले दीनबंधू हे विटांचे संयंत्र लोखंडी टाकीसारखे गंजत नाही, पण गिलाव्याला केसाएवढी भेग गेली तरी गॅस निसटतो. थर एकावर एक द्यावेत, शेवटी सिमेंटचा नीरू घोटावा आणि निदान दहा दिवस पाणी मारावे. काळ्या मातीत खड्ड्याच्या तळाशी मुरूम ठोकावा आणि भिंतीबाहेरची भरणीही मुरमाचीच करावी, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंत तडकते. कोकणात आणि भातपट्ट्यात भूजल वर येते तेव्हा रिकामे संयंत्र खालून उचलले जाऊ शकते. तिथे काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात उरकून पावसाआधी भरणी व्हायलाच हवी. विहिरीपासून अंतर किमान १५ मीटर ठेवावे.

ज्योत फडफडू लागली की लोक संयंत्राला दोष देतात. बहुतेकदा नळीत पाणी साचलेले असते. गॅस दमट असतो, नळीत थंड झाला की त्याचे पाणी होते. म्हणून नळीला उतार हवा आणि सगळ्यात खोल जागी पाणी काढायची तोटी हवी. ती आठवड्यातून एकदा उघडावी. एलपीजीची शेगडी तशीच जोडू नये. बायोगॅसला मोठ्या छिद्राचा जेट लागतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती पाहावी, काडी पेटवून कधीही नाही.

शेणात माती, वाळू आणि कडब्याची चिपाडे जाऊ देऊ नयेत. माती तळाशी बसून जागा खाते, चिपाडे वर तरंगून जाड साय धरतात. गोठा फिनेलने किंवा धुण्याच्या पावडरीने धुतला तर ते पाणी संयंत्रात सोडू नये. गॅस करणारे जिवाणू त्याने मरतात. गोचिडांचे औषध फवारल्यावर काही दिवस त्या जनावराचे शेण वेगळे टाकावे. थंडीत गॅस कमी होतोच. शेणकाला उन्हात कोमट करून दुपारी टाकावा, घुमटावर पाचट पसरावे.

बाहेर पडणारी रबडी कुटुंबाची दुसरी मिळकत आहे. तिच्यासाठी दोन खड्डे आधीच हवेत: एक भरेपर्यंत दुसऱ्यात पालापाचोळ्यासह खत कुजते. अंदाजपत्रकात हे खड्डे क्वचितच दिसतात.

म्हणून कृषी विभागाला विनंती आहे, की मंजुरीपूर्वी अर्जदाराच्या गोठ्यातले शेण सलग तीन दिवस वजन करून त्यावरच आकार ठरवावा. एक घनमीटरचे संयंत्र मागणाऱ्याला मोठ्याचा आग्रह होऊ नये. अनुदानाचा शेवटचा हिस्सा एक पावसाळा उलटल्यावर, शेगडी पेटवून पाहूनच द्यावा. प्रत्येक पंचायत समितीकडे प्रशिक्षित गवंड्यांची यादी, गॅस कॉक आणि रबरी नळ्या उपलब्ध असाव्यात. साध्या कॉकसाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागले की संयंत्र तिथेच बंद पडते.

– ग्रामीण ऊर्जा क्षेत्रातील एक वाचक, जि. सातारा