'फ्लॅट रेट' म्हणजे काय ते मराठीत सांगा की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळवार पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. गेल्या वर्षी ओव्हरलॉकचं मशीन आणि बाकीच्या सामानासाठी एका फायनान्स कंपनीकडून १ लाखाचं कर्ज काढलं, वर्षाच्या मुदतीनं. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, ट्वेल्व्ह परसेंट फ्लॅट, एकदम बेस्ट." मी मनात हिशोब घातला, बारा टक्के म्हणजे शेकडा रुपया, आपल्याकडं एवढ्या स्वस्तात कोण देतंय, आणि दाखवेल तिथं सह्या केल्या. कागद सगळे इंग्रजीत.

हप्ता ९,३३३ रुपये. सहा हप्ते गेल्यावर एकदा जेवताना विषय निघाला. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत पण गल्लीतल्या भिशीचा हिशोब तोंडपाठ, त्या म्हणाल्या, "निम्मं मुद्दल फिटलं न्हवं? मग व्याज पुऱ्या लाखावर कशापायी?" माझा घास हातातच राहिला. फ्लॅट म्हणजे नेमकं हेच, मुद्दल कितीही फिटू दे, व्याज शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर, म्हणजे १२,००० रुपये. हेच बारा टक्के उरलेल्या मुद्दलावर लावले असते, ज्याला ते 'रिड्युसिंग' म्हणतात, तर हप्ता ८,८८५ च्या आसपास बसला असता आणि व्याज साधारण ६,६०० रुपये. त्या हिशोबानं मला दर पडला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात!

ईएमआय, सिबिल हे शब्द आता आमच्याही तोंडात बसलेत, त्याला माझी ना नाही. पण मुद्दल, तारण, जामीन, थकबाकी हे सगळं आपल्याकडं आधीपासून आहे आणि आमच्या बायकांना ते चांगलं कळतं. माझ्या भाच्याला क्रेडिट कार्डाच्या बिलावरचं 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, तेवढं भरलं की बिल मिटलं असंच वाटायचं, कितीतरी महिने तो तेवढंच भरत राहिला आणि व्याज वाढत गेलं.

नंतर कळलं की रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम केलाय, नवीन वैयक्तिक कर्ज असो की छोट्या धंद्याचं मुदत कर्ज, सही घ्यायच्या आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद, द्यायचं, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहायचा आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात नसलेला चार्ज पुढं त्याच्या संमतीशिवाय लावता येत नाही. हे मला आधी माहीत असतं तर मी तो कागद मराठीत मागून घेतला असता, सासूबाईंना वाचून दाखवला असता आणि मगच सही केली असती.

तेव्हा विनंती एवढीच, तुमच्या पेपरात आठवड्याला एक चौकट द्या, एकच शब्द घ्या आणि लाखाचं उदाहरण देऊन रुपयांत समजावा. पहिला शब्द 'फ्लॅट' घ्या. माझ्या दुकानात रोज दहा-बारा बायका येतात, कात्रण मी भिंतीवर लावते.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर